घसा की फुप्फुस: श्वसनविषाणू पेशीत शिरताना काय घडते

एकाच विषाणूची बाधा झालेल्या दोन माणसांपैकी एकाचे नाक दोन दिवस वाहून थांबते आणि दुसऱ्याला कृत्रिम प्राणवायू लावावा लागतो, तेव्हा त्याचे स्पष्टीकरण बहुधा 'प्रतिकारशक्ती' या एका शब्दात उरकले जाते. ते चूक नाही, पण त्यातून फारसे काही कळतही नाही. विषाणू श्वसनमार्गात किती खोलवर पोहोचला, तिथे त्याची गाठ कोणत्या प्रकारच्या पेशीशी पडली आणि त्या पेशीच्या पृष्ठभागावर नेमके कोणते रेणू होते, यावर आजाराचे स्वरूप मोठ्या प्रमाणात ठरते. विषाणूला स्वतःची हालचाल नाही आणि दिशाही नाही. हवेबरोबर किंवा स्रावाबरोबर तो जिथे जाऊन पडेल तिथे पडतो आणि तिथली रासायनिक परिस्थिती जुळली तरच पुढचे काही घडते. म्हणून विषाणूची 'ताकद' हा शब्द थोडा बाजूला ठेवावा आणि हा सगळा प्रकार पेशीच्या बाजूने पाहावा, हे बरे.

आधी जागेची ओळख करून घेऊ. छातीत उतरलेली श्वासनलिका दोन शाखांत विभागते, प्रत्येक शाखा पुन्हा विभागते, आणि असे सुमारे २३ वेळा घडते. यांपैकी पहिल्या साधारण १६ टप्प्यांत हवेची केवळ ने-आण होते. त्यापुढे भिंतींवर वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, दिसू लागतात आणि खरे श्वसन तिथे चालते. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या आसपास भरतो. वायुकोशातील हवा आणि त्याला वेढणाऱ्या केशवाहिनीतील रक्त यांच्यामध्ये जे पटल असते, ते अनेक ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्राणवायू रक्तात सहज मिसळावा यासाठी हे पटल इतके पातळ असावेच लागते, आणि नेमकी हीच गोष्ट फुप्फुसाची दुखरी बाजू ठरते.

वरच्या नळ्यांचे अस्तर आणि वायुकोशांचे अस्तर यांत मोठा फरक आहे. नाकापासून लहान श्वासनलिकांपर्यंत बहुतेक ठिकाणी सिलियायुक्त पेशी असतात. अशा प्रत्येक पेशीवर केसांसारखे सुमारे २०० तंतू असतात आणि ते सेकंदाला १० ते १५ वेळा एका लयीत हलत असतात. त्यांच्यामध्ये चिकट स्राव तयार करणाऱ्या चषक पेशी असतात आणि सर्वांत खाली, हवेशी थेट संबंध नसलेल्या, तळपेशी असतात. वायुकोशात मात्र सिलिया नाहीत आणि स्रावाचा जाड थरही नाही. तिथे पहिल्या प्रकारच्या पेशी अतिशय पातळ पसरलेल्या असतात आणि सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो. उरलेल्या कोपऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या, घनाकार पेशी बसलेल्या असतात. क्षेत्रफळाच्या हिशेबात या दुसऱ्या पेशी किरकोळ दिसतात, पण वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ त्याच तयार करतात, आणि पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या तर विभाजित होऊन त्यांची जागाही त्याच भरून काढतात. पुढे या पेशींचा उल्लेख वारंवार येईल.

स्रावाचा थर

फ्लूच्या किंवा कोरोनाच्या विषाणूचा एक कण साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे १०,००० कण एका ओळीत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी होईल. पण विषाणू हवेत सुटा तरंगत नाही. खोकणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा नुसता श्वास सोडणाऱ्या माणसाच्या तोंडा-नाकातून निघणाऱ्या थेंबांत तो असतो, आणि तो कुठे उतरणार हे विषाणूपेक्षा थेंबाच्या आकारावर अवलंबून असते. मोठे थेंब नाकाच्या वळणांत आणि घशातच अडकतात, तर पाच मायक्रोमीटरहून लहान कण वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात. दुसरा एक मार्ग कमी चर्चिला जातो: झोपेत नाक-घशातील स्राव अगदी थोड्या प्रमाणात श्वासनलिकेत उतरत असतो, आणि नाकात वाढलेला विषाणू त्याच्याबरोबर खाली जाऊ शकतो.

उतरल्यावर विषाणूची पहिली गाठ पेशीशी पडत नाही, स्रावाशी पडते. या स्रावाचे दोन थर आहेत. वरचा थर दाट आणि चिकट असून त्यात म्युसिन नावाची, साखरेच्या साखळ्यांनी भरलेली लांबलचक प्रथिने असतात. खालचा थर पातळ असतो आणि त्यात सिलियांना हलायला जागा मिळते. सिलियांच्या लयबद्ध हालचालीमुळे वरचा थर, त्यात अडकलेली धूळ, जिवाणू आणि विषाणू यांच्यासह, मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे ढकलला जातो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. आपल्यापर्यंत पोहोचलेले बहुतेक कण इथेच संपतात, आणि त्याची कुठेही नोंद होत नाही, कारण आजारच होत नाही.

फ्लूच्या विषाणूच्या बाबतीत हा स्राव आणखी एक काम करतो. हा विषाणू पेशीवरील सायलिक आम्ल नावाच्या साखरेला चिकटतो, आणि म्युसिनवरही तीच साखर भरपूर असते. त्यामुळे पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच विषाणू म्युसिनला चिकटून बसतो. यातून सुटण्यासाठी त्याच्याकडे न्यूरामिनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे सायलिक आम्लाचा तुकडा छाटून टाकते. चिकटणे आणि सुटणे यांच्यातील समतोल राखत फ्लूचा विषाणू स्रावातून खाली उतरतो. कोरोनाचा मार्ग निराळा आहे. नाकातील पेशींवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, हा विषाणू स्रावाच्या पलीकडे डोकावणाऱ्या सिलियांनाच चिकटतो आणि त्यांच्या आधारे पेशीच्या मुख्य भागापर्यंत पोहोचतो. स्राव बाहेर ढकलणाऱ्या तंतूंचाच आत येण्यासाठी वापर व्हावा, हा प्रकार विलक्षणच म्हणायचा.

चिकटणे पुरेसे नसते

विषाणू आणि पेशी यांचे नाते सांगताना कुलूप-किल्लीची उपमा सर्रास दिली जाते. पेशीवरील रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि विषाणूवरील प्रथिन म्हणजे किल्ली. पहिल्या ओळखीसाठी ती ठीक आहे, पण तिच्यामुळे दोन गैरसमज होतात. एक म्हणजे, किल्ली बसली की दार उघडले असे वाटते. प्रत्यक्षात चिकटल्यानंतर आणखी किमान दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. दुसरे म्हणजे, हे रिसेप्टर विषाणूसाठी तिथे ठेवलेले नसतात. पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असलेल्या रेणूंचा विषाणू वापर करतो. कोरोना ज्याला चिकटतो तो एसीई-२ हा रेणू मुळात रक्तदाबाच्या नियंत्रणाशी संबंधित असलेले एक विकर आहे. सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूंपैकी बहुसंख्य प्रकार ज्याला चिकटतात तो आयकॅम-१ हा रेणू रोगप्रतिकारक पेशींना जागेवर धरून ठेवण्यासाठी असतो.

फ्लूच्या बाबतीत पत्ता किती महत्त्वाचा असतो हे पक्ष्यांच्या फ्लूवरून स्पष्ट होते. सायलिक आम्ल शेजारच्या साखरेला दोन प्रमुख पद्धतींनी जोडलेले असते. त्यांना अल्फा-२,६ आणि अल्फा-२,३ अशी नावे आहेत. माणसांत सहज पसरणारे फ्लूचे प्रकार पहिल्या जोडणीला पसंती देतात आणि ती आपल्या नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत मुबलक असते. पक्ष्यांचे फ्लूचे विषाणू दुसऱ्या जोडणीला चिकटतात. ही दुसरी जोडणी माणसाच्या श्वसनमार्गात मुख्यतः खोलवर, वायुकोशांतील दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर सापडते, असे २००६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ या पक्ष्यांच्या फ्लूची बाधा १८ माणसांना झाली आणि त्यांपैकी ६ जण दगावले. तरीही त्या विषाणूची साथ माणसांत पसरली नाही. आजार इतका गंभीर आणि संसर्ग मात्र इतका मर्यादित, या कोड्याचा एक मोठा भाग याच पत्त्यात आहे: असा विषाणू खोल फुप्फुसात पोहोचला तर गंभीर न्यूमोनिया करतो, पण नाक-घशात नीट वाढत नसल्यामुळे शिंकेतून दुसऱ्याकडे सहज जात नाही.

ऱ्हायनोविषाणूचे उलट आहे. त्याचे बहुतेक प्रकार ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नाकाच्या तापमानाला, अधिक चांगले वाढतात आणि ३७ अंशांना तुलनेने कमी. म्हणून सर्दी बहुधा नाकातच राहते. दम्याच्या रुग्णांत मात्र तीच खाली त्रास देऊ शकते.

गोवराचे उदाहरण तर कुलूप-किल्लीच्या साध्या चित्रात बसतच नाही. गोवर श्वासावाटे येतो, पण त्याचा विषाणू प्रथम श्वसनमार्गातील रोगप्रतिकारक पेशींत शिरतो, त्यांच्याबरोबर शरीरभर फिरतो आणि नंतर श्वसनमार्गाच्या अस्तरात खालच्या, म्हणजे रक्ताकडील बाजूने प्रवेश करतो. तिथे त्याला लागणारा नेक्टिन-४ हा रिसेप्टर पेशीच्या याच बाजूला असतो आणि तो २०११ मध्ये ओळखला गेला. आत येताना एक दार आणि बाहेर पडताना दुसरे, असा हा प्रकार आहे.

कात्री आणि क्लोरोक्वीन

आता चिकटण्यानंतरच्या अटींकडे येऊ. फ्लू, कोरोना, आरएसव्ही (अर्भकांच्या न्यूमोनियाचे प्रमुख कारण असलेला विषाणू) यांसारख्या विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थांचे एक आवरण असते. हे आवरण पेशीच्या पटलात मिसळून एक छिद्र तयार झाले, तरच आतील जनुकीय द्रव्य पेशीत जाऊ शकते. दोन पटले आपणहून एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना जवळ ओढून मिसळायला लावण्याचे काम विषाणूवरील पृष्ठप्रथिन करते. हे प्रथिन ताणून धरलेल्या अवस्थेत तयार झालेले असते आणि योग्य इशारा मिळताच एकदाच, कायमचा आकार बदलते. पण बहुतेक वेळा ते आधी एका ठरावीक जागी कापले गेल्याशिवाय असे करू शकत नाही, आणि कापण्यासाठी लागणारे विकर विषाणूकडे नसते. ते यजमान पेशीकडून, म्हणजे आपल्याकडून मिळते.

श्वसनमार्गातील पेशींवर टीएमपीआरएसएस-२ नावाचे असे एक विकर असते. फ्लूच्या आणि कोरोनाच्या पृष्ठप्रथिनांना ते कापते. हे विकर असेल तर कोरोनाचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत शिरू शकतो. नसेल, तर पेशी त्या विषाणूला एका पिशवीत घेऊन आत ओढते, त्या पिशवीतील आम्लता वाढत जाते आणि तिथल्या कॅथेप्सिन नावाच्या दुसऱ्या विकराकडून तेच काम होते. म्हणजे एकाच विषाणूला आत शिरण्याचे दोन रस्ते आहेत आणि कोणता वापरला जाईल हे पेशीवर अवलंबून आहे.

ही बाब निव्वळ तांत्रिक वाटेल, पण २०२० साली तिच्यामुळे जगभर गोंधळ उडाला. हिवतापावरील क्लोरोक्वीन हे औषध पेशीतील त्या पिशव्यांची आम्लता कमी करते. प्रयोगशाळेत त्याने कोरोनाची वाढ रोखली, आणि त्यावरून मोठ्या आशा निर्माण झाल्या. पण ते प्रयोग ज्या पेशींवर झाले त्या व्हेरो पेशी होत्या: आफ्रिकेतील एका माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या, आणि टीएमपीआरएसएस-२ जवळजवळ नसलेल्या. तिथे विषाणूला पिशवीचा रस्ता घेणे भागच होते, म्हणून औषध प्रभावी दिसले. माणसाच्या फुप्फुसापासून मिळवलेल्या कॅलू-३ पेशींवर जर्मनीतील संशोधकांनी तोच प्रयोग केला तेव्हा क्लोरोक्वीनचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या पेशींत विषाणू पृष्ठभागावरूनच आत जात होता. रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांतही त्याच्याच जातीचे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन निरुपयोगी ठरले. औषधाने विषाणू 'मारला' अशी बातमी वाचताना तो कोणत्या पेशीत मारला, हा प्रश्न किती मोलाचा आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ओमिक्रॉन प्रकाराने हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने दाखवला. तो टीएमपीआरएसएस-२ चा वापर आधीच्या प्रकारांइतक्या कार्यक्षमतेने करत नव्हता आणि पिशवीच्या रस्त्याकडे अधिक झुकला होता. हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले की, शस्त्रक्रियेतून मिळालेल्या मानवी श्वासनलिकेच्या ऊतीत ओमिक्रॉन २४ तासांत डेल्टाच्या सुमारे ७० पट वाढला, तर फुप्फुसाच्या ऊतीत तो मूळ विषाणूपेक्षाही दहा पटींहून कमी वाढला. तो वेगाने पसरला आणि सरासरीने फुप्फुसांना कमी इजा करून गेला, यामागे लसीकरण आणि आधीचे संसर्ग यांचा वाटा होताच, पण पेशीच्या निवडीचाही होता.

फ्लूचा विषाणू मात्र पिशवीच्या रस्त्यानेच जातो. पिशवीतील पीएच पाच ते साडेपाचच्या आसपास उतरला की त्याचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आकार बदलते आणि पटले एकत्र येतात. आरएसव्हीला आम्लतेची गरज लागत नाही. त्याचे एफ-प्रथिन इतके अस्थिर असते की ते लहानशा निमित्तानेही आकार बदलते. ही अस्थिरता लस बनवणाऱ्यांना अनेक दशके नडली. अमेरिकेत १९६० च्या दशकात फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेल्या आरएसव्हीची लस काही बालकांना दिली गेली. पुढे त्यांना नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला आणि दोन बालके दगावली. त्या लशीतील एफ-प्रथिन बहुतांशी आकार बदलून गेलेले होते, त्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे मूळ आकाराला नीट ओळखत नव्हती, हे त्यामागील एक कारण होते. आकार बदलण्यापूर्वीचे एफ-प्रथिन कसे दिसते हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये उलगडले, त्याला त्याच अवस्थेत स्थिर करण्याची युक्ती सापडली आणि २०२३ मध्ये आरएसव्हीच्या पहिल्या लशींना मान्यता मिळाली.

आत गेल्यावर

आतील घडामोडींत विषाणूनुसार फरक आहेत, पण गरज एकच: आपल्या जनुकीय द्रव्याच्या प्रती काढणे आणि पेशीच्या रायबोसोमांकडून, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या तिच्या यंत्रांकडून, आपली प्रथिने बनवून घेणे. कोरोनाचे जनुकीय द्रव्य म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांचा एकच आरएनए धागा, जो आत येताच रायबोसोमांकडून थेट वाचला जाऊ शकतो. पहिल्या काही प्रथिनांपैकी एनएसपी-१ हे रायबोसोमाच्या मार्गिकेत अडकून पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांची निर्मिती बंद पाडते. प्रती काढण्याचे काम दुहेरी पटलाच्या फुग्यांआड चालते, त्यामुळे पेशीच्या पहारेकरी रेणूंना तो आरएनए सहज दिसत नाही. फ्लूचे जनुकीय द्रव्य आठ तुकड्यांत असते आणि आरएनए विषाणूंत दुर्मीळ असलेली गोष्ट तो करतो: प्रती काढण्यासाठी पेशीच्या केंद्रकात जातो. तिथे पेशीच्या संदेशवाहक आरएनएचे पुढचे टोक कापून तो स्वतःच्या आरएनएला जोडतो, जेणेकरून रायबोसोमांना तो पेशीचाच वाटावा. बालोक्सॅव्हिर हे औषध ही कापाकापी थांबवते.

साधारण सहा ते आठ तासांत नवे कण बाहेर पडू लागतात. ते कोणत्या बाजूने पडतात याला महत्त्व आहे. फ्लू आणि कोरोना प्रामुख्याने हवेच्या बाजूने बाहेर पडतात, रक्ताच्या बाजूने नाही. म्हणून संसर्ग शेजारच्या पेशींत आणि पुढच्या माणसात पसरतो. बाहेर पडताना फ्लूच्या कणांना पुन्हा पेशीवरील सायलिक आम्लातून सुटावे लागते, आणि ओसेल्टॅमिव्हिर हे औषध त्यासाठी लागणारे न्यूरामिनिडेज अडवते. नवे कण तयार होण्याचा वेग पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतले तरच त्याचा चांगला लाभ दिसतो.

पेशी या काळात स्वस्थ बसलेली नसते. विषाणूच्या आरएनएची ठेवण पेशीच्या आरएनएपेक्षा वेगळी असते. ती ओळखणारे रिग-आय सारखे रेणू सक्रिय झाले की पेशी इंटरफेरॉन स्रवते. लंडनमध्ये १९५७ साली अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी शोधलेला हा पदार्थ शेजारच्या पेशींवर जाऊन बसतो आणि त्यांच्यात शेकडो विषाणूविरोधी जनुके सुरू करतो. विषाणूने हा संदेश किती काळ दाबून ठेवला, यावर पुढचे बरेच ठरते. फ्लूचे एनएस-१, आरएसव्हीचे एनएस-१ आणि एनएस-२ ही प्रथिने नेमके हेच करतात. गंभीर कोविड झालेल्या ९८७ रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासात किमान १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली, आणि त्यांपैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्यांत ती आढळली नाहीत. सुरुवातीला म्हटलेल्या 'प्रतिकारशक्ती' या शब्दाचा इथे एक ठोस, मोजता येणारा अर्थ मिळतो.

श्वास का लागतो

वरच्या मार्गातील सिलियायुक्त पेशी मेल्या की स्राव साचतो, खोकला येतो, आणि तळपेशींपासून नवे अस्तर तयार होऊन सिलिया पुन्हा कामाला लागेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तो रेंगाळू शकतो. प्रौढांत याने हैराणी होते. अर्भकांत मात्र जिवावर बेतू शकते. हवेला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळा पट वाढतो. अर्भकाच्या मुळातच अरुंद असलेल्या सूक्ष्म श्वासनलिकांत मेलेल्या पेशी आणि स्राव यांची गुठळी बसली की काय होत असेल, हे या आकड्यावरून समजावे. आरएसव्हीची धास्ती मुख्यतः यासाठीच आहे.

वायुकोशांतील नुकसान निराळ्या जातीचे असते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी मरू लागल्या की सर्फॅक्टंट कमी पडतो आणि वायुकोश मिटू लागतात. पातळ पटल फाटले की रक्तातील द्रव आणि प्रथिने आत झिरपतात, आणि प्राणवायू जिथून रक्तात मिसळायचा त्या जागी पाणी उभे राहते. शिवाय नुकसान भरून काढणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. याच सुमारास रोगप्रतिकारक पेशींचा मोठा लोंढा येतो, आणि विषाणू कमी होत असतानाही दाह वाढत जाऊ शकतो. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत, २०२० साली, व्हेंटिलेटरवरील रुग्णांत डेक्सामेथासोन या दाहविरोधी स्टिरॉइडमुळे मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. एकाच आजारात एका टप्प्यावर विषाणूविरोधी औषध आणि दुसऱ्या टप्प्यावर दाहविरोधी औषध का लागते, हे यातून कळते. सौम्य कोविडमध्ये पहिल्याच दिवशी स्टिरॉइड देणे चुकीचे ठरते तेही यामुळेच.

तिसरा धोका जिवाणूंचा. विषाणूने अस्तर उघडे पाडले, सिलिया थांबल्या, की एरवी नाक-घशात निमूट राहणारे न्यूमोकॉकससारखे जिवाणू खाली रुजतात. १९१८ च्या साथीत मृत्यू पावलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसऊतींची पुन्हा तपासणी झाली तेव्हा बहुसंख्य मृत्यूंमध्ये जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. त्या काळी प्रतिजैविके नव्हती.

नुकसान फार खोल नसेल तर शिल्लक राहिलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभाजित होतात, त्यांतील काही पसरून पहिल्या प्रकारच्या बनतात आणि वायुकोशाचे अस्तर पूर्ववत होते. त्या फारच कमी उरल्या, तर दुरुस्ती अपुरी राहून तिथे व्रणऊती साठते आणि फुप्फुसाचा तो भाग ताठर होतो.

लशींबाबत लोकांना जी तक्रार सर्वाधिक असते, ती म्हणजे 'लस घेऊनही सर्दी-ताप झालाच', तिचेही उत्तर जागेतच आहे. दंडात टोचलेल्या लशीने मुख्यतः आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे रक्तात तयार होतात, आणि वायुकोशांचे पटल पातळ असल्यामुळे ती तिथे सहज झिरपतात. नाकाच्या जाड अस्तरातून ती तितक्या प्रमाणात बाहेर येत नाहीत. तिथले काम आयजीए प्रकारची प्रतिपिंडे करतात, जी अस्तराच्या पेशी मुद्दाम वाहून हवेच्या बाजूला सोडतात आणि जी दंडावरील लशीतून फारशी मिळत नाहीत. परिणामी विषाणू नाकात काही दिवस वाढू शकतो, पण खाली वायुकोशांत उतरला की त्याला आधीच प्रतिपिंडे भेटतात. नाकात फवारण्याच्या लशींवर जे संशोधन चालू आहे, त्याचा रोख ही पहिली जागा राखण्यावर आहे.